लाल असताना

ती माझी बायको आहे हे ओळखायला मला क्षणभर लागला, आणि आधी त्याचाच राग आला. स्टेशनच्या अलीकडच्या चौकात, इथले लोक ज्याला चार रस्ता म्हणतात तिथं, आमची कंपनीची बस लालला थांबली होती. थांबणारच. रिफायनरीची बस लाल दिवा तोडत नाही; तोडला तर ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन बसावं लागतं, कारण सेफ्टीत मी आहे आणि मला असली फाजील घाई खपत नाही. बाकी सगळं बडोदं बसच्या दोन्ही बाजूंनी खुशाल पुढे चाललं होतं. रिक्षा, लुना, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली. हवालदार छत्रीखाली उभा राहून कुणाशी तरी हसून बोलत होता. तेवढ्यात माझ्या खिडकीखालून एक फिकट जांभळी स्कूटी आली. पुढच्या हुकाला मेथीच्या जुड्यांची पिशवी, पदर कमरेला खोचलेला. बाई जरा हळू झाली, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि गेली. लाल असताना. वर तिचे ओठ हलत होते. गुणगुणत होती हो! मी खिडकीच्या काचेवर टकटक केलं. कशासाठी केलं कोण जाणे, तोवर ती पलीकडच्या गर्दीत मिसळलीसुद्धा होती. शेजारी बसलेल्या पटेलांनी मान वळवून विचारलं, "कोण छे, साहेब? ओळखीता?" मी म्हटलं, "नाही. कोणी नाही."

बस सुटली, पण माझं डोकं तिथंच राहिलं. लाल तोडणारे मी रोज शेकड्यांनी बघतो, त्यांचा मला राग येतो आणि तो राग मला आवडतो. त्यात एक आधार असतो की मी तसा नाही आणि माझं घर तसं नाही. आता हे काय? आणि तिने ते किती सराईतपणे केलं! घाबरत, चोरट्यासारखं केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. ती ज्या पद्धतीनं हळू झाली, मान फिरवली आणि निघाली, त्यात कितीतरी संध्याकाळींची सवय होती. म्हणजे स्कूटी घेतल्यापासून रोज ती घरातून निघत होती, मी "सांभाळून" म्हणत होतो, ती "हो" म्हणत होती, आणि कोपऱ्यावर वळली की दुसरीच कुणी होत होती. गुणगुणणारी. घरात तिला गुणगुणताना मी शेवटचं कधी ऐकलं, ते आठवायचा मी प्रयत्न केला. आमची मृदुला लहान असताना, तिला झोपवताना असेल. नंतरचं काही आठवेना. कारेलीबागेचा स्टॉप आला आणि पटेलांनी हलवून मला उठवलं.

स्नेहलता मूळची इथली, जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतली. तिचे आजोबा-पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. पागा गेली, घोडे गेले, पण चालायची ढब त्या घरात अजून आहे. मी मिरजेकडचा, नोकरीसाठी आलेला. तिला गुजराती मराठीइतकंच येतं. भाजीवाल्याशी ती अशी बोलते की शेजारी उभं राहून मला आपण पाहुणे आहोत असं वाटतं. लग्न झाल्यावर मी बजाज घेतली आणि ती माझ्या मागे बसली. उजवा हात माझ्या खांद्यावर. मृदुला झाली तेव्हा मांडीवर, मग मृदुला पुढे उभी, मग मृदुला मध्ये. तेव्हा दिवे फार नव्हते, एक-दोन होते; पण असतील तिथं मी थांबायचोच. मागचे हॉर्न मारायचे, "अरे जवा दो ने, काका!" म्हणून ओरडायचे. तेव्हा मी काका नव्हतो, तरी ओरडायचे. मी इंजिन बंद करायचो. पेट्रोल वाचतं, हे तर आहेच. पण त्या शांततेत मला फार बरं वाटायचं. पाय टेकवलेला, खांद्यावर तिचा हात, सगळे चाललेत आणि आम्ही दोघं तेवढे थांबलोय. एक शब्द न बोलता आम्ही एका बाजूचे आहोत असं मला वाटायचं. मला वाटायचं, तिलाही तसंच वाटत असणार. विचारलं मात्र कधी नाही. असं कुणी विचारतं का बायकोला?

मग मृदुला पुण्याला शिकायला गेली, घर एकदम मोठं झालं, आणि स्नेहलतेनं अलकापुरीतल्या एका कुरियरच्या ऑफिसात नोकरी धरली. अलकापुरीत तेव्हा रोज नवीन काहीतरी उघडत होतं, काचेचे दरवाजे, थंड हवा, टेलिफोनपाशी बसायला बायका हव्याच होत्या. तिनं स्कूटी घेतली. मी शिकवली. चांगलं शिकवलं हं. आरसा, हाताचे इशारे, वळायच्या आधी मागे बघणं. एकदा वैतागून ती म्हणाली होती, "मागून येणाऱ्याचं किती बघायचं हो? आपण पुढे कधी बघायचं?" मी हसलो होतो. लायसन्सच्या परीक्षेत ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि त्या दिवशी तिनं मला स्कूटीवर मागे बसवून सोसायटीत एक फेरी मारली होती. मी सारखा ब्रेक सांगत होतो. त्यानंतर तिनं मला मागे बसवलं नाही. मी कंपनीच्या बसनं जायला लागलो, बजाज जिन्याखाली कापड पांघरून उभी राहिली.

त्या संध्याकाळी घरी आलो तर मेथी निवडायला पसरलेली होती. मी चहा घेता घेता म्हटलं, "सिग्नल लागला का ग आज?" ती म्हणाली, "लागला असेल. का हो?" "नाही, सहज." "तुमचं सहज मला माहीत आहे," म्हणून ती हसली आणि मेथीची देठं मोडत बसली. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा मला कळतो. प्लांटमधे हेल्मेट काढून सिगरेट ओढून आलेला माणूस मी दारातून ओळखतो. ती खोटं बोलत नव्हती. तो सिग्नल तिच्या लक्षातच राहिला नव्हता. मला सरळ म्हणता आलं असतं, मी बसमध्ये होतो, तुला पाहिलं. नाही म्हटलं. ती जी कुणी गुणगुणत गेली, तिच्याविषयी हिच्याशी बोलायचं तर कसं, हेच मला कळेना, आणि मी पेपर तोंडापुढे धरला.

पेपरात तेव्हा रोज तोच वाद होता. पहिल्या तारखेपासून पोलीस सिग्नलवर उभे राहून लाल तोडणाऱ्यांना दंड करणार होते. लोक चिडले होते. आधी रस्ते नीट करा, गायी हटवा, मग दंड करा, असं एकजण लिहायचा. दुसरा लिहायचा की वाहतूक पोलिसांनाच आधी शिकवा. माझा मेहुणा हंबीरराव रविवारी सेव उसळ घेऊन यायचा आणि माझ्याशी भांडायचा. "दाजी, बडोद्यात सर्कल होती तोवर माणूस माणसाकडे बघून गाडी चालवत होता. नजरेला नजर द्यायची, तू जा, मी थांबतो. दिवे आले आणि बघणं संपलं. आता सगळे वर बघतात." मी म्हणायचो, "नजरेवर शहर चालत नाही हंबीरराव, लोक वाढले. नियम म्हणजे नियम. दंड बसला की सुतासारखे सरळ होतील." स्नेहलता पाव गरम करून आणायची आणि म्हणायची, "खा आता, थंड होतंय." ती कुठल्या बाजूची, हे आम्हा दोघांनाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मी तिला माझ्या बाजूला धरूनच चाललो होतो.

आणि मग माझ्या हातून ते झालं. आमच्या भागातल्या भगिनी मंडळाच्या मंदाकिनीताईंनी मला बोलावलं, दंडाचं सुरू होतंय तर बायकांना रस्त्यावरच्या सुरक्षिततेचं चार शब्दांत सांगा. आता माझं काम असं की आमच्याकडे एक रीत आहे. अपघात झाला नाही पण होता होता राहिला, त्याला निअर मिस म्हणतात. वरून पाना पडला आणि कुणाच्या डोक्यात न बसता शेजारी पडला, की ज्यानं पाहिलं त्यानं ते सगळ्यांपुढे सांगायचंच. नाव घ्यायचं नाही. काय घडलं ते मात्र बारकाईनं सांगायचं. नाव नसलं की कुणाला लागत नाही, आणि बारकावे असले की सगळे शिकतात. सारा जन्म मी हे लोकांना पढवत आलो. त्या दिवशी मंडळात समोर सतरंजीवर बायका, मागच्या ओळीत स्नेहलता, आणि मला खरोखर वाटलं की हाच रस्ता. घरात जे बोलता येत नाही ते इथं नाव न घेता बोलता येईल, तिचं तिला कळेल, कुणालाच लागणार नाही. म्हणून मी सांगितलं. मंगळवारची संध्याकाळ, स्टेशनजवळचा चार रस्ता, एक सुशिक्षित बाई, फिकट जांभळी स्कूटी, पुढे मेथीची पिशवी, पदर खोचलेला, लाल असताना गेली, आणि जाताना गाणं गुणगुणत होती. "एक ट्रक आला असता तर?" असं मी विचारलं.

प्लांटमधे सगळ्यांचे कपडे निळे आणि हेल्मेट एकसारखी, तिथं नाव गाळलं की माणूस गळतो. पण आमच्या अख्ख्या भागात फिकट जांभळी स्कूटी एकच होती, हे माझ्या डोक्यात आलंच नाही! आधी शेजारची कांचन वळली. मग एकेक करून साऱ्या वळल्या. कुणीतरी खुदकन हसलं, कुणी म्हणालं, "अगंबाई, गाणं कुठलं ग होतं?" आणि हशा झाला. स्नेहलताही हसली. मी संपवलं तेव्हा तिनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. ते मला अजून दिसतं, तिचे वाजणारे हात. घरी येताना चार घरांची वाट, ती जरा मागून चालत होती. कुलूप काढताना म्हणाली, "बसमधून पाहिलंत ना?"

"हो."

"मग हाक का नाही मारलीत?"

"काचेवर टकटक केलं."

"काचेवर," ती म्हणाली, आणि आत जाऊन कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीची किल्ली टीव्हीवर ठेवलेली होती. "मला अलकापुरीला सोडाल ना जाताना?" ती म्हणाली, "स्कूटी नको आता." रागानं नाही, रुसव्यानं नाही, साधं सांगितलं. मी बजाजवरचं कापड काढलं, पुसली, आणि ती मागे बसली. मनात म्हटलं, बघ, झालं ना! ज्यासाठी आपण झुरत होतो ते न मागता परत आलं. पण तिनं हात माझ्या खांद्यावर ठेवला नाही. मागे स्टेपनीला धरून बसली. पहिली तारीख झाली होती, चार रस्त्यावर पोलीस उभे, पावतीपुस्तकं हातात, आणि काय सांगू, सगळं बडोदं पांढऱ्या पट्ट्यामागे थांबलेलं! रिक्षा थांबल्या, लुना थांबल्या, दूधवाले थांबले. इतकी वर्षं मी ज्याचं स्वप्न बघितलं ते माझ्यासमोर अक्षरशः रांगेत उभं होतं, आणि मला रडू येईल की काय असं वाटत होतं. आनंदानं नव्हे. मी इंजिन बंद केलं. मागे ती होती की नाही, वजनावरून तेवढं कळत होतं. घरात ती बोलायची. मीठ कमी आहे का, मृदुलाचा फोन आला होता, गिझर बंद करा. जे लागतं ते सगळं बोलायची. त्यामुळे भांडण आहे असंही म्हणता येईना. मी एकटाच जेवतोय असं मला दोघं जेवताना वाटायचं.

हंबीरराव आला तो या वेळी काही न घेता आला. ती भाजी आणायला गेली होती, पायी. तो खुर्चीच्या कडेवर बसला. "दाजी, तुम्ही मोठे आहात, मी काही बोलू नये. पण आमच्या आजोबांच्या हाताखाली घोडे होते. घोडं चुकलं तर ते त्याला तबेल्यात नेऊन वठणीवर आणायचे. मिरवणुकीत, चारचौघांत, त्याच्यावर चाबूक उगारायचा नाही. म्हणायचे, ते तिथं लोकांपुढे मान ताठ धरून चालतंय, ती मान आपण खाली घालायची नाही." मी म्हटलं, "मी नाव नव्हतं घेतलं हंबीरराव." तो उठला. मग म्हणाला, "हो, तेही खरं," आणि पाणी पिऊन गेला. तो गेल्यावर मला एकदम फार एकटं वाटलं. वाद घालायला तरी थांबायचं होतं त्यानं.

पंधरवड्यात पोलिसांचा उत्साह ओसरला. छत्री तिथंच, हवालदार चहाच्या टपरीवर, आणि चार रस्ता पुन्हा पहिल्यासारखा. आम्ही सकाळी तिथं पोचलो, लाल लागला, मी थांबलो. आमच्या दोन्ही बाजूंनी सगळे निघाले. मी पाय टेकवून इंजिन बंद केलं. मागून ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? मी त्या दिवशी का थांबले नाही ते?"

मी मान वळवली नाही. वळवली तर ती बोलायची थांबेल असं वाटलं.

"चालत राहिलं की बरं असतं हो. पोरगी गेली, घर रिकामं, ते सगळं गाडी चालू असली की मागे राहतं. थांबलं की सगळं येऊन उभं राहतं. म्हणून मी नाही थांबत. एकटीनं थांबायला मला नको वाटतं."

"मग आता तर माझ्यामागे आहेस," मी म्हटलं.

"तुमच्यामागे बसून थांबले तरी मी एकटीच असायची. इतकी वर्षं. तुमच्या पाठीकडे बघत. तुम्ही इंजिन बंद करायचात आणि गप्प बसायचात. मला वाटायचं, आता बोलतील, आता काहीतरी बोलतील. मग हिरवा व्हायचा." स्कूटर हलकी झाली. ती उतरली होती. "मी जाते इथून चालत," ती म्हणाली, आणि पट्ट्यांवरून निघाली.

मला तिच्यामागे जायचं होतं. लाल होता. देवाशपथ सांगतो, माझा पाय उचलेना. दिसत होतं की ती चाललीय, पदर सावरत, रिक्षांना हात करत, आणि मी पांढऱ्या पट्ट्यामागे तसाच. मग हिरवा झाला आणि मागचे कोकलायला लागले. मी किक मारली, हात दाखवला, आरशात बघितलं, गाडी डावीकडे कडेला घेतली, स्टँडवर चढवली, हँडल लॉक करायला वाकलो, आणि माझं मलाच उमगलं की मी काय करतोय. ती दिसेनाशी होत होती आणि मी गाडी नीट उभी करत होतो! किल्ली तशीच ठेवली आणि धावलो. या वयात. "स्नेहलता!" म्हणून ओरडलो. रस्त्यात बायकोला असं नावानं मी कधी हाक मारलेली नाही. एक रिक्षावाला कचकन थांबून म्हणाला, "मरवुं छे, काका?" मी त्याच्या पुढून गेलो. दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ती पलीकडे गेलीच नव्हती. मधल्या दुभाजकावर अडकली होती. पायी माणसासाठी तिथं दिवाच नव्हता. एकीकडचे थांबले की दुसरीकडचे वळून यायचे. मी धापा टाकत तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. दोघांना मिळून जेमतेम पाय ठेवायला जागा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "गाडी कुठाय?"

"आहे तिकडे." मला श्वास पुरेना. "मलाही. मलाही तसंच होतं, थांबलं की."

"काय होतं?"

"तेच. सगळं येऊन उभं राहतं. म्हणून मी इंजिन बंद करतो. इंजिनचा आवाज गेला की तू मागे आहेस ते कळतं मला. बांगडी वाजते, श्वास ऐकू येतो. तेवढ्यासाठी मी लालची वाट बघायचो स्नेहा. हिरवा नको वाटायचा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, की धूर होता, मला सांगता येत नाही. "हे मला आत्ता सांगताय," ती म्हणाली. "रस्त्याच्या मध्ये उभं करून."

"चुकलं माझं. मंडळात पण चुकलं."

"हो, चुकलंच," ती म्हणाली. "त्या सगळ्या हसल्या, ते मी विसरणार नाही. सांगून ठेवते." आणि तिनं पुढे जायला पाऊल उचललं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. रिक्षा येत होत्या, सिटी बस येत होती, तिच्यामागून एक ट्रक. तिला पाऊल मागे घ्यावं लागलं. तिचा दंड माझ्या दंडाला लागला. पुढचं काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. मनात एवढंच होतं की अजून थोडा वेळ मिळावा, काहीतरी सुचेल. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, या लोकांनी थांबू नये. कोणी म्हणजे कोणीच थांबू नये.